वॉल्थम ॲबीची बंदुकीच्या दारूची गिरणी: इतिहास, उरलेले अवशेष आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही गिरणी नक्की आहे कुठे?

इंग्लंडमध्ये, लंडनच्या थोडं उत्तरेला, एसेक्स काउंटीत. ली नदीच्या काठी वॉल्थम ॲबी नावाचं छोटं गाव आहे आणि गावाला लागूनच हा सगळा परिसर, साधारण १७० एकरांचा. गावाला नाव मिळालं ते तिथल्या जुन्या मठावरून. आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बंद करायला घेतले त्यात हा सगळ्यात शेवटी, १५४० मध्ये बंद झाला. मठ गेला पण त्याने नदीचं पाणी वळवून केलेले पाट आणि पाणचक्क्यांची जागा राहिली, आणि पुढची सगळी गोष्ट त्या पाण्यामुळेच घडली.

सुरुवात कधी झाली?

१६६५ च्या आसपास. त्याआधी त्या जागेवर तेल गाळायची पाणचक्की होती, त्याहीआधी लोकरी कापड कुटून घट्ट करायची. राल्फ हडसन नावाच्या माणसाने ती चक्की बंदुकीची दारू करण्यासाठी वापरायला घेतली. तेव्हा डच लोकांशी युद्ध पेटलं होतं, आरमाराला दारू हवी होती, धंद्याला याहून चांगली वेळ कुठली.

पण परिसरात दारू त्याच्याही आधीपासून बनत होती. तिथला पाद्री थॉमस फुलर, जो १६६१ मध्ये वारला, त्याने लिहून ठेवलंय की दारू करणं जास्त फायद्याचं की जास्त धोक्याचं हेच कळत नाही, माझ्या हद्दीतल्या गिरण्या ७ वर्षांत ५ वेळा उडाल्या, देवाची कृपा की माणूस एकही गेला नाही. म्हणजे काय प्रकारचा शेजार होता ते बघा.

गाय फॉक्सने पार्लमेंट उडवायला जी दारू जमवली ती इथलीच ना?

असं सांगतात खरं, पण हिशोब जुळत नाही. तो कट १६०५ चा आणि या गिरणीत दारू व्हायला लागली १६६० च्या दशकात.

सरकारच्या हातात कशी गेली?

हडसन घराण्याकडून गिरणी वॉल्टन घराण्याकडे आली आणि त्यांनी १८व्या शतकात बहुतेक सगळा काळ ती चालवली. त्यात फिलिपा वॉल्टन ही बाई विशेष, नवरा वारल्यावर पदरात मुलं असताना तिने हा धंदा स्वतः सांभाळला, तोही दारूगोळ्याचा, आणि सरकारी कंत्राटं टिकवली. १७३५ च्या एका चित्रात गिरणीचा पूर्ण पसारा दिसतो. नदीच्या धारेवर ओळीने इमारती, कुठे घोडे चाक फिरवतायत, कुठे पाणी.

पण खासगी गिरण्यांच्या दारूबद्दल सैन्याची कायम तक्रार असायची. माल कधी बरा, कधी भंगार, आणि ऐन लढाईत तोफगोळा मध्येच पडला की कोणाला जाब विचारणार? सरकारने १७५९ मध्ये केंटमधली फॅव्हरशॅमची गिरणी विकत घेतली होती, पण १७८० च्या दशकात पंतप्रधान पिटचं सरकार तीही विकून टाकून सगळं खासगी लोकांवर सोडायच्या विचारात होतं. तेव्हा विल्यम काँग्रीव्ह नावाचा तोफखान्यातला अधिकारी आडवा आला. त्याचं म्हणणं असं की सरकारने स्वतः दारू केली तर ती चांगली होते, स्वस्तही पडते, आणि खासगी लोकांनी कसा माल द्यायचा त्याचं माप आपल्या हातात राहतं. त्याचं ऐकून १७८७ मध्ये बोर्ड ऑफ ऑर्डनन्सने (सैन्याला शस्त्रं आणि दारूगोळा पुरवणारं सरकारी खातं) जॉन वॉल्टनकडून ही जागा १०,००० पौंडांना घेतली. माझ्या मते सरकारी खरेदीत इतका वसूल झालेला सौदा क्वचित सापडेल, कारण पुढे २०० वर्षं ती जागा सरकारने सोडली नाही.

काँग्रीव्ह म्हणजे रॉकेटवाला काँग्रीव्ह का?

बाप-लेकांचं नाव एकच त्यामुळे कायम गोंधळ होतो. गिरणी घ्यायला लावली ती वडिलांनी. रॉकेटवाला तो मुलगा, आणि १८१४ मध्ये वडील गेल्यावर त्यांची जागा त्याने घेतली. त्याच्या रॉकेटचा धागा आपल्याकडे येतो, हैदर आणि टिपूच्या म्हैसूरच्या फौजेने लोखंडी नळीचे बाण इंग्रजांवर सोडले, १७८० ला पोल्लिलूरला आणि पुन्हा १७९९ ला श्रीरंगपट्टणला, त्यातले काही नमुने इंग्लंडला गेले आणि त्यावर धाकट्या काँग्रीव्हने वुलिचला प्रयोग केले. मात्र वॉल्थम ॲबीचं खरं श्रेय थोरल्याचं आहे, रॉकेटच्या धुरात तो बिचारा दिसेनासा झालाय.

त्याने असं वेगळं काय केलं?

मुख्य म्हणजे कोळसा. आधी कोळसा खड्ड्यात किंवा ढीग लावून, वर माती टाकून करायचे. त्यात काही लाकूड जास्त जळायचं, काही कच्चं राहायचं, माती-खडे मिसळायचे, आणि दारूमध्ये खडा म्हणजे ठिणगीला आमंत्रण. काँग्रीव्हच्या वेळेपासून लाकूड लोखंडी बंद नळकांड्यात घालून बाहेरून तापवायला लागले, ही कल्पना रिचर्ड वॉटसन नावाच्या बिशपची, जो आधी केंब्रिजला केमिस्ट्रीचा प्रोफेसर होता. असा कोळसा एकसारखा निघतो, त्यामुळे दारूही दरवेळी सारखीच जोरदार. इतकी की तोफेत टाकायचं दारूचं प्रमाण कमी करावं लागलं.

दारू बनवायचे कशी? नुसतं तीन वस्तू मिसळायच्या ना?

वस्तू तीनच, हे खरं. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०, असं इंग्लिश सैन्याचं प्रमाण. गंधक सिसिलीहून यायचं, कोळशासाठी विलो आणि आल्डर ही पाण्याकाठची झाडं तिथेच लावलेली होती, आणि सोऱ्याचं पुढे सांगतो.

पण नुसतं मिसळून काही होत नाही. नुसती मिसळलेली पूड पेटवली तर फुसफुसत जळते. तिन्ही गोष्टी इतक्या बारीक दळून एकमेकांत दाबल्या गेल्या पाहिजेत की प्रत्येक कणाला शेजारी सोरा मिळेल, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन हवेतून येत नाही, तो सोऱ्यातून येतो, म्हणून तर बंद नळीत दारू पेटते. हे घोटण्याचं काम ज्या यंत्रात व्हायचं ते आपल्या किल्ल्यांवरच्या चुन्याच्या घाणीसारखं, म्हणजे गोल थाळा आणि त्यात उभं राहून फिरणारं जड चाक, फक्त इथे चाकं दोन, प्रत्येकी ३-४ टनांची, आधी दगडी आणि मग लोखंडी. आधीच्या काळात उखळ-मुसळासारखे ठोके देणारे यंत्र असायचं पण ते इतक्या वेळा उडायचं की १७७२ च्या कायद्याने ते जवळपास बंदच केलं.

घाणीतून निघायची ती सपाट वडी. ती फोडायची, मग प्रेसमध्ये दाबून पाटीसारखी कडक करायची, मग दातेरी रोलरमधून काढून दाणे पाडायचे. हे दाणे पाडणं सगळ्यात जास्त धोक्याचं काम, कारण तिथे धूळ उडते. मग धूळ चाळायची, दाणे पिंपात फिरवून गुळगुळीत करायचे, गरम खोलीत वाळवायचे आणि बॅरलमध्ये भरायचे, एका बॅरलला १०० पौंड म्हणजे साधारण ४५ किलो. दाणे का, पूड का नाही, तर दाण्यांच्या मधल्या फटींतून ज्वाळा क्षणात सगळीकडे धावते, पुडीत ती अडकते. बंदुकीला बारीक दाणा, तोफेला मोठा. पुढे १८७०-८० च्या दशकात तोफा एवढ्या प्रचंड झाल्या की दाणा सुपारीएवढा आणि मग साच्यात दाबलेला षटकोनी ठोकळाच करायला लागले, कारण मोठ्या तोफेत दारू हळूहळू जळायला हवी, नाहीतर तोफच फाटते.

सोरा खरंच भारतातून जायचा?

हो, आणि माझ्या मते या गिरणीच्या इतिहासात आपल्याला सगळ्यात जवळचा भाग हाच, पण इंग्लिश पुस्तिकांमध्ये तो एका ओळीत उरकतात. बिहारमध्ये पाटण्याच्या आसपास, गावाकडच्या खारवट मातीतून नोनिया लोक सोरा काढायचे. माती पाण्यात धुवायची, ते पाणी आटवायचं, स्फटिक जमले की झाला कच्चा सोरा. तो गंगेतून होडीने कलकत्त्याला आणि तिथून जहाजाच्या तळाशी वजन म्हणून भरून लंडनला. म्हणजे जहाजाला वजनही मिळालं आणि मालही गेला, दुहेरी काम. १६९३ च्या सनदेत ईस्ट इंडिया कंपनीला अटच होती की दरवर्षी ५०० टन सोरा सरकारला द्यायचा, आणि प्लासीनंतर १७५८ मध्ये बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारीच कंपनीच्या हातात आली.

याचा परिणाम फ्रान्सवर असा झाला की त्यांचा बाहेरचा सोरा आटला. मग १७७५ पासून लाव्हाझिएसारखा केमिस्ट्रीतला मोठा माणूस सरकारी दारूखात्यात बसून देशातल्या देशात सोरा कसा वाढवायचा याच्या मागे लागला. इंग्लंडला असला खटाटोप करावा लागला नाही. नेपोलियनशी लढताना १८१३ मध्ये एकट्या वॉल्थम ॲबीने २० हजारांहून जास्त बॅरल दारू काढली, त्यातला तीन चतुर्थांश भाग म्हणजे सोरा. पुढचा हिशोब ज्याने त्याने करावा.

वॉल्थम ॲबीत हा कच्चा सोरा उकळत्या पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचे. त्यात मीठ राहिलं तर दारू दमट पडते, म्हणून या कामावर फार लक्ष.

मोठे स्फोट झाले का?

झाले. १८४३ च्या एप्रिलमध्ये दाणे पाडायच्या इमारती उडाल्या आणि ७ माणसं गेली. १८९४ मध्ये नायट्रोग्लिसरीनच्या (तेलासारखं पातळ स्फोटक) भागात ४ माणसं गेली. १९४० मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, एकाच वर्षी दोन मोठे अपघात झाले.

पण हेही सांगायला हवं की ३०० वर्षं हे काम करणाऱ्या जागेच्या मानाने आकडे तसे कमीच आहेत. अमेरिकेत डेलावेअरमधल्या ड्यू पाँटच्या गिरणीत १८१८ च्या एका स्फोटात ३० च्या वर माणसं मेली.

मग सुरक्षेसाठी करायचे तरी काय?

कामगारांचे कपडे बिनखिशाचे, म्हणजे काडेपेटी चुकूनही बरोबर येऊ नये. धातूची बटणं नाहीत, खिळेवाले बूट नाहीत, आत जाताना बाहेरचे बूट काढून चामडी चपला घालायच्या. जमिनीवर कातडं अंथरलेलं आणि ते ओलं ठेवायचं. हत्यारं तांब्याची किंवा लाकडाची, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. बॅरलच्या पट्ट्यासुद्धा तांब्याच्या नाहीतर लाकडाच्या.

घाणीघरात तर एक मस्त जुगाड होतं (मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच). प्रत्येक घाणीच्या डोक्यावर पाण्याने भरलेलं एक पिंप तोललेलं असायचं आणि त्याला एक फळी जोडलेली. घाणीत भडका उडाला की हवेच्या धक्क्याने फळी वर जायची, पिंप उलटायचं, आणि एका दांड्याने सगळी पिंपं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे शेजारच्या घाण्यांवरही त्याच क्षणी पाणी ओतलं जायचं. वीज नाही, सेन्सर नाही, स्फोटच स्फोटाला विझवतोय. शिवाय एका वेळी घाणीत फार तर ५० पौंडांच्या आसपासच माल टाकायचा आणि चाकं फिरत असताना माणसाने आत थांबायचं नाही.

तिथे इतके कालवे का आहेत?

रस्त्याने दारूची गाडी नेली की खडखडाट, घोड्याचा नाल, दगड, ठिणगी. पाण्यावरून होडी गुळगुळीत जाते. म्हणून प्रत्येक टप्प्याचा माल एका इमारतीतून दुसरीकडे न्यायला कालवेच कालवे खणले. होड्या माणसं दोरीने ओढायची. दोन पातळ्यांवर कालवे होते, वरचा आणि खालचा, आणि एका ओढ्यावरून दुसरा कालवा न्यायला ओतीव लोखंडाचे पूल-पाट बांधलेले. तयार माल ली नदीतून थेट थेम्सपर्यंत आणि तिथून परफ्लीटच्या सरकारी कोठारात, सगळा प्रवास पाण्यावरून.

परफ्लीटवरून आठवलं, थोडं विषयांतर आहे पण सांगतो. या कोठारावर वीज पडू नये म्हणून १७७२ मध्ये समिती बसली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता आणि हेन्री कॅव्हेंडिशही. वाद असा की वीजवाहक दांड्याचं टोक अणकुचीदार हवं की बोथट. समितीने अणकुचीदार म्हटलं, बेंजामिन विल्सन नावाच्या एका सभासदाने विरोध केला, आणि १७७७ मध्ये खरंच तिथे वीज पडली. नुकसान किरकोळ झालं पण तोवर अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध सुरू होतं, फ्रँकलिन आता शत्रूपक्षातला, त्यामुळे तिसऱ्या जॉर्ज राजाने बोथट टोकाची बाजू घेतली. विज्ञानात राजकारण आजचं नाही.

वाफेची इंजिनं कधी आली?

१८५७ ला पहिलं वाफेवर चालणारं घाणीघर सुरू झालं. क्रिमियाच्या युद्धात कळलं होतं की पाण्याच्या जोरावर मागणी पुरी पडत नाही, उन्हाळ्यात नदी आटली की गिरणी बसते. मग पुढची ३० वर्षं एकामागून एक अशी घाणीघरं उभी राहिली. मधोमध बॉयलर आणि इंजिन, दोन्ही बाजूंना घाण्यांची ओळ, आणि शक्ती नेणारा दांडा जमिनीखालच्या बोगद्यातून. बॉयलर म्हणजे आग, आणि ती दारूच्या मध्ये कशी ठेवली असा प्रश्न पडतो, पण म्हणूनच तर भिंती तेवढ्या जाड.

योगायोग असा की याच नदीवर थोडं खाली एनफिल्डला सरकारी बंदूक कारखाना होता. तिथल्या रायफलीची काडतुसं आपल्याकडे १८५७ ला कशाला कारण ठरली ते वेगळं सांगायला नको.

आज प्रत्यक्षात काय काय शिल्लक आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरेच जण मोठा किल्ला किंवा चिमण्यांचा कारखाना मनात धरून बसलेले असतात. तसं काही नाही. जंगल आहे, आणि जंगलात लांब-लांब विखुरलेल्या इमारती.

सगळ्यात देखणी म्हणजे वाफेच्या घाणीघरांची रांग. नीट बघितलं तर कळतं की घाण्यांच्या मधल्या आडव्या भिंती किल्ल्यासारख्या जाड आहेत, पण पुढची बाजू आणि छप्पर मुद्दाम हलकं, लाकूड, काच, पत्रा असलं. स्फोट झाला की जोर कुठूनतरी बाहेर पडणारच, मग तो कुठून पडावा ते आधीच ठरवून ठेवलेलं, शेजारची घाणी वाचली पाहिजे आणि छप्पर काय, पुन्हा घालता येतं. म्हणजे ही इमारत अर्धी टिकण्यासाठी आणि अर्धी उडण्यासाठी बांधलीय. आज जे दिसतं ते साहजिकच पहिल्या अर्ध्यातलं.

मग दारूचं मुख्य कोठार, ग्रँड मॅगझिन, आत्ता उभं आहे ते १८६० च्या दशकात पुन्हा बांधलेलं. पाण्याला लागून, होडी थेट दाराशी लागावी असं. प्रेसच्या आणि दाणे पाडायच्या जागी विटांचे प्रचंड जाड बांध दिसतात, आत माती भरलेली, गवत आणि झाडं वाढून टेकडी वाटावी असे. लोक त्यावरून चालत जातात आणि विचारतात की इमारत कुठेय, तर इमारत लाकडाची होती, ती गेली, तिचा धक्का झेलायला बांधलेला बांध राहिला. जुन्या घाण्यांची दगडी चाकं इकडेतिकडे पडलेली आहेत. कालवे आहेत पण बरेचसे गाळाने भरलेत, काहींत पाणी, काहींत नुसता पाणगवताचा पट्टा. लोखंडी पूल-पाट अजून जागेवर आहेत. १८ इंची छोट्या रेल्वेच्या खुणा आहेत, तिचे डबे सुरुवातीला माणसंच ढकलायची.

माझं सांगणं एवढंच की तिथे इमारती मोजत बसू नका, दोन इमारतींमधलं अंतर बघा. एवढी जागा मोकळी का सोडली, मध्ये झाडी का राखली, पाणी आडवं का घातलं, ते एकदा लक्षात आलं की सगळा परिसर नकाशासारखा वाचता येतो. झाडी तर कोळशालाही कामाची आणि उडालेला राडारोडा अडवायलाही. रिकामी जागा हाच तिथला मुख्य अवशेष आहे असं मी म्हणेन, आणि दुर्दैवाने फोटोत नेमकी तीच येत नाही.

आतली यंत्रं कुठे गेली?

काढली. १८९० नंतर याच घाणीघरांत दारूऐवजी कॉर्डाइटचं (धूर जवळजवळ न करणारी नवी दारू) काम सुरू झालं, तेव्हा जुन्या घाण्या काढून नवी यंत्रं बसवली, नंतर त्याच खोल्यांत प्रयोगशाळाही आल्या. त्यामुळे एकाच भिंतीवर तीन-तीन काळांच्या खुणा सापडतात. कुणाला हे निराशाजनक वाटतं, मला उलट हे जास्त खरं वाटतं, चालत्या कारखान्यात जुनं जपून कोण ठेवतं.

कॉर्डाइट म्हणजे काय आणि दारू बंद का झाली?

दारूची अडचण धूर. जळून झाल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपातच उरतो, तो धूर होऊन पसरतो आणि नळीत काजळी बसते. दोन फैरी झाडल्या की समोरचं काही दिसत नाही, उलट शत्रूला तुम्ही कुठे आहात ते कळतं.

त्यावर पहिला उपाय गनकॉटन, म्हणजे कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया. ते भलतंच बेभरवशाचं निघालं, १८४७ ला फॅव्हरशॅमच्या खासगी कारखान्यात मोठा स्फोट झाला आणि इंग्लंडने काही वर्षं नादच सोडला. १८६० च्या दशकात फ्रेडरिक एबल नावाच्या केमिस्टने वॉल्थम ॲबीत काम करून शोधलं की घोटाळा मागे राहिलेल्या ॲसिडचा आहे, कापसाचा लगदा करून कसून धुतला तर माल टिकतो. मग १८८९ मध्ये एबल आणि जेम्स ड्युअर यांनी कॉर्डाइटचं पेटंट घेतलं. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७, व्हॅसलीन ५. हो, तेच व्हॅसलीन. लगदा दोऱ्यासारखा छिद्रातून दाबून काढायचा.

आल्फ्रेड नोबेलला हे आपल्याच बॅलिस्टाइटची (त्याने आधी काढलेली बिनधुराची दारू) नक्कल वाटली, कारण एबल आणि ड्युअर सरकारी समितीवर असताना त्याने त्यांना सगळी माहिती विश्वासाने दिली होती. केस १८९५ पर्यंत वरच्या कोर्टात गेली आणि नोबेल हरला, पेटंटमधल्या एका शब्दाच्या अर्थावरून. न्यायाधीशांनाही जरा वाईट वाटलं म्हणतात. मला विचाराल तर नोबेलची बाजू खरी होती.

नायट्रोग्लिसरीनच्या भागात मुद्दाम मातीच्या टेकड्या उभ्या केल्या होत्या, कारण हे तेल पंपाने ढकलायचं नाही, वरून खाली शिशाच्या पन्हळीतून आपोआप वाहत जाऊ द्यायचं. काळी दारू पूर्ण थांबली असं मात्र नाही, फ्यूज आणि पेटवण्यासाठी ती लागतच राहिली.

महायुद्धांत काय झालं?

पहिल्या महायुद्धात कामगार ५ हजारांच्या वर गेले आणि त्यात जवळपास निम्म्या बायका. पुरुष आघाडीवर गेलेले, कॉर्डाइट तर हवंच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इथे आरडीएक्स करायची पद्धत बसवली आणि युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ते फक्त इथेच होत होतं. पण लंडनच्या इतक्या जवळ, विमानांच्या टप्प्यात एवढा धोकादायक कारखाना ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून पश्चिमेकडे नवे कारखाने उभे करून इथलं उत्पादन युद्ध संपायच्या आधीच थांबवलं.

मग १९९१ पर्यंत तिथे काय चालू होतं?

संशोधन. युद्धानंतर सरकारने स्फोटकं आणि रॉकेटच्या इंधनावरची संशोधन संस्था तिथे बसवली, वेगवेगळ्या नावांनी ती १९९१ पर्यंत चालली. सगळं गुप्त. गावातल्या लोकांना कुंपणाच्या आत काय आहे ते पिढ्यान् पिढ्या माहीत नव्हतं.

एका अर्थी बरंच झालं. लंडनच्या इतक्या जवळची एवढी जमीन उघडी असती तर कधीच सोसायट्या उभ्या राहिल्या असत्या. दक्षिणेकडच्या भागाचं तेच झालं, तिथे आता घरं आहेत. उत्तरेकडच्या आल्डरच्या रानात मात्र माणसाची वर्दळ नसल्यामुळे राखी बगळ्यांची मोठी वसाहत झाली, त्यासाठी त्या भागाला निसर्ग संरक्षणाचा दर्जा आहे.

लोकांसाठी कधी उघडलं?

२००१ मध्ये. त्याआधी जमिनीतून रसायनं आणि स्फोटकांचे अंश काढायचं मोठं काम झालं, इमारतींची पाहणी झाली, लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीने मदत दिली. काही इमारतींना आणि परिसराला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता तिथे कुणाला मनाला येईल तसं पाडता-बांधता येत नाही.

आज जाता येतं का?

रोज उघडं असेल असं धरून चालू नका, जायच्या आधी चौकशी करा, सहज फिरता फिरता आत शिरण्यासारखी ती जागा नाही. आणि उत्तरेकडचा बराच भाग झाडी, पक्षी आणि जुन्या बांधकामांमुळे बंदच ठेवलेला असतो.

गनपावडर पार्क म्हणजे हेच ना?

नाही. ते वेगळं, थोडं दक्षिणेला, ली खोऱ्यातलं सार्वजनिक उद्यान. तीही पूर्वी सरकारी दारूगोळा चाचणीचीच जमीन म्हणून नाव तसं, पण तिथे जाऊन घाणीघरं शोधू नका.

असं बघण्यासारखं अजून कुठे आहे?

केंटमध्ये फॅव्हरशॅमला चार्ट मिल्स, छोटीशी आहे पण घाणी जागेवर आहे, १९६० च्या दशकात तिथल्या स्थानिक संस्थेने पाडण्यापासून वाचवली. घाणी कशी चालायची ते समजायला वॉल्थम ॲबीपेक्षा ही जास्त सोपी. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ बॅलिनकॉलिग, १७९४ ला सुरू, १८०५ ला सरकारने घेतली, १९०३ ला बंद. तिथे नदीकाठच्या बागेत अवशेष पसरलेत आणि कालवेही आहेत. अमेरिकेत डेलावेअरला हॅगली, ड्यू पाँटने १८०२ ला सुरू केलेली, हा ड्यू पाँट त्याच लाव्हाझिएच्या हाताखाली दारू करायला शिकला होता. तिथल्या घाणीघरांच्या तीन भिंती जाड दगडी आणि चौथी बाजू नदीकडे उघडी, म्हणजे उडालं तर नदीत उडावं. वॉल्थम ॲबीचाच विचार, फक्त जास्त उघडपणे दिसतो, आणि पाण्यावर चालणारी घाणी तिथे फिरताना दाखवतात, अर्थात रिकामी.